क्वालालंपूर: विमानतळावरून थेट जुन्या शहरात (आईबाबांना घेऊन जायचंय, माहिती हवी)

सोनचाफा७
मंडळी, जानेवारीच्या शेवटी आईबाबांना घेऊन क्वालालंपूरला जायचं ठरतंय. दोघंही सत्तरीच्या घरातले. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत, चालायला ठणठणीत आहेत. आईचे गुडघे दुखतात, आणि ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा चालत नाही.

एका टूरवाल्याने कार्यक्रम पाठवलाय: ट्विन टॉवरसमोर फोटो, गेंटिंगचा कसिनो, चॉकलेटचं दुकान, बाटू केव्ह्जला एक तास, आणि लगेच सिंगापूर. बाबांनी तो वाचून बाजूला ठेवला. त्यांना मलायी, चिनी आणि तमिळ लोक एका शहरात कसे राहतात, त्यांची देवळं, बाजार, खाणंपिणं कसं आहे, हे बघायचंय. मलाही तेच हवंय, म्हणून आपलं आपण जायचं ठरवलंय.

विमान रात्री उशिरा उतरतं. विमानतळावरून शहरात कसं यायचं, राहायचं कुठे, आईच्या जेवणाचं काय, आणि जुनं शहर पायी बघता येतं का, हे सांगाल का? आम्ही पहिल्यांदाच जातोय, तेव्हा अगदी बारीकसारीकही चालेल.

घाटवाट
मलाही मे महिन्यात जायचंय. वाचतोय.

उंबरठा
सोनचाफाताई, नोकरीनिमित्त काही वर्षं केएलला राहिले आहे (तिथे सगळे केएलच म्हणतात). बाबांनी तो कार्यक्रम बाजूला ठेवला हे फार बरं केलं. विमानतळापासूनच सुरू करते, कारण पहिल्या रात्रीची धांदल टळली की म्हातारी माणसं पुढे खुशीत राहतात.

निघण्याआधी एक काम न चुकता करा. मलेशियाने १ जानेवारी २०२४ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलंय. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, प्रत्येकाचं वेगळं भरायचं. इमिग्रेशन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर ते फुकट असतं. शोधताना हुबेहूब तशीच दिसणारी पैसे मागणारी संकेतस्थळं वर येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती चालू आहे ना एवढं बघून घ्या. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून हाताशी ठेवा, काउंटरवर कधीकधी मागतात.

विमानतळ शहरात नाही, दक्षिणेला सेपांगला आहे. रेल्वेमार्गाने ५७ किलोमीटर. खाली उतरताना दिवस असेल तर तेलताडाच्या बागा नजर पोचेल तिथवर दिसतात, रांगाच रांगा. तुमचं विमान रात्रीचं, म्हणून परतीचं दिवसाचं असेल तर बाबांना खिडकी द्या.

टर्मिनल दोन आहेत. मलेशिया एअरलाइन्स टर्मिनल १ वर येते, एअरएशिया टर्मिनल २ वर. टर्मिनल १ ला तुमचं विमान सॅटेलाइट इमारतीला लागलं, तर मुख्य इमारतीत यायला छोटी ट्रेन असते. ती २०२३ मध्ये बंद पडली होती, तेव्हा बसने आणत. जुलै २०२५ पासून नवी ट्रेन चालू झाली. त्या सॅटेलाइट इमारतीच्या मध्यभागी खरोखरीचं जंगल राखलंय. उंच झाडं, खाली लाकडी पायवाट. विमानतळ कुरोकावा किशो या जपानी वास्तुरचनाकाराचा, १९९८ मध्ये उघडला. जंगलात विमानतळ आणि विमानतळात जंगल, अशी त्याची कल्पना होती.

आईसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. संकोच करू नका, अंतरं खरंच लांब आहेत. शिवाय इमिग्रेशनच्या रांगेत ताटकळणं वाचतं.

घाटवाट
टर्मिनल २ वरून शहरात येणं अवघड आहे का? माझं एअरएशिया आहे.

उंबरठा
मुळीच नाही. बाहेर पडल्यावर एका मॉलमधून चालावं लागतं, स्टेशन त्याच इमारतीत आहे. दोन्ही टर्मिनलवरून केएलआयए एक्स्प्रेस ही विमानतळाची गाडी केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनला जाते. टर्मिनल १ वरून २८ मिनिटं, २ वरून पाचेक मिनिटं जास्त. तिकीट माणशी ५५ रिंगिट, रिंगिटचे वीस-बावीस रुपये धरा. तिच्याच रुळांवर केएलआयए ट्रान्झिट नावाची दुसरी गाडी असते, ती मधल्या स्टेशनांवर थांबते. बसने गेलात तर खर्च बराच कमी, वेळ तासाभराचा.

सोनचाफाताई, तुमच्यासाठी मात्र ग्रॅब, म्हणजे ओला-उबरसारखी अ‍ॅपवरची टॅक्सी. तिघं आणि सामान, ट्रेनची तीन तिकिटं आणि वर स्टेशनहून हॉटेलची टॅक्सी, यापेक्षा ग्रॅब स्वस्तच पडेल. आणि एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर फार वेळ चालत नाही. अ‍ॅप भारतातूनच टाकून, कार्ड जोडून ठेवा. अ‍ॅप दार क्रमांक सांगतं, त्याच दाराशी उभं राहायचं. ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्यांना हसून नाही म्हणायचं.

मुंबईपेक्षा घड्याळ अडीच तास पुढे. प्लग जाड तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा, अडॅप्टर न्या. हॉटेलात खोलीमागे रोज १० रिंगिट पर्यटन कर परदेशी पाहुण्यांकडून वेगळा घेतात. बुकिंगमध्ये तो बहुधा धरलेला नसतो, म्हणून आधी सांगून ठेवते.

पायवाटसखी
राहायला बुकित बिनतांग घ्या असं सुचवेन. मॉल, खाऊगल्ली, मोनोरेल सगळं दाराशी. रात्रीही वर्दळ असते.

उंबरठा
तरुण मंडळींना बुकित बिनतांग उत्तमच. पण सत्तरीच्या माणसांना तिथला रात्रीचा गोंगाट सोसवत नाही. मी ब्रिकफील्ड्सच सांगेन. केएल सेंट्रलला लागून आहे. लोकल, एलआरटी (छोटी मेट्रो), मोनोरेल, विमानतळाची गाडी, सगळं तिथूनच, आणि एमआरटीच्या (मोठ्या मेट्रोच्या) स्टेशनलाही चालत जाता येतं. सकाळी दाराबाहेर पडलं की गरम इडली मिळते.

ताई, तुमचे बाबा रेल्वेतले आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिते. १८८१ मध्ये आधी आग आणि मग पूर, या दोन्हींनी जुनं क्वालालंपूर होत्याचं नव्हतं झालं. लाकूड आणि गवती छपरांचं गाव होतं ते. ब्रिटिश रेसिडेंट फ्रँक स्वेटनहॅमने घरं विटा-कौलांचीच बांधायची असा नियम केला आणि या भागात वीटभट्ट्या पेटल्या. पुढे इथेच रेल्वेचं आगार आणि वसाहती आल्या. कारकून आणि स्टेशनमास्तर बरेचसे सिलोनच्या जाफन्याहून आलेले तमिळ, मजुरीला दक्षिण भारतातले. म्हणून ब्रिकफील्ड्समध्ये जाफन्याच्या तमिळांचं कंदस्वामी मंदिर आहे, सिंहली लोकांचा बौद्ध महाविहार आहे, विवेकानंद आश्रम आहे, चर्चं आहेत, चिनी देऊळही आहे. हे सगळं रमतगमत एका सकाळीत होतं. जुनं रेल्वे स्टेशनही बाबांना दाखवाच. १९१० चं, पांढरंशुभ्र, घुमट आणि कमानींचं.

पाटलाचा वाडा
जुन्या शहराबद्दल मी लिहितो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

केएलची सुरुवात १८५७ ची. कथिलाच्या खाणींसाठी चिनी मजूर नदीतून वर आले आणि गोंबाक व क्लांग या नद्या जिथे मिळतात तिथे उतरले. त्या संगमापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत सगळं शहर उभं आहे. टूरच्या बसा इथे थांबत नाहीत, थांबल्या तर फक्त मर्देका चौकात. म्हणून लोक परत येऊन सांगतात की केएलमध्ये दोन टॉवर आणि मॉल सोडून काही नाही. मला हे ऐकवत नाही.

पासार सेनी स्टेशनला उतरा. सकाळी साडेआठ-नऊला, उन्हं चढायच्या आत. जालान तुन एच. एस. ली या रस्त्यावर श्री महामारिअम्मनचं देऊळ आहे. १८७३ मध्ये तंबुसामी पिल्लै यांनी स्थापलेलं, आधी कुटुंबाचं खासगी होतं. पाच मजली गोपुर, रंगीत मूर्तींनी गच्च भरलेलं. बाहेर मोगऱ्याच्या माळा ओवत बसलेली मंडळी. चपला ठेवून आत गेलात की नादस्वरम आणि ताविल यांचा आवाज छातीत भरतो. तुमच्या आईला कुणी काही सांगावं लागणार नाही, ती आपोआप हात जोडेल.

बाहेर या आणि रस्ता ओलांडा. जवळजवळ समोरच ग्वान दीचं चिनी देऊळ, १८८८ चं. लाल भिंती. छताला टांगलेल्या उदबत्त्या, पण सरळ नाहीत, वेटोळ्याच्या. एकेक वेटोळं हातभर रुंद, खाली लाल चिठ्ठीवर भक्ताचं नाव, आणि ते कितीतरी दिवस जळत राहतं. राख खाली पडते, म्हणून टोपी असू द्या. ग्वान दी हा युद्धाचा देव, पण व्यापारीही त्याला मानतात, शब्दाला जागणारा म्हणून. मी उभा होतो तेव्हा एक तमिळ आजी देवीचं दर्शन घेऊन सरळ इथे आल्या, पदर सावरला, तीन उदबत्त्या लावल्या आणि निघाल्या. पुजाऱ्यालाही त्यात नवल वाटलं नाही.

तिथून जरा पुढे, दुकानांच्या मागे लपलेलं ‘सिन स्झे सी या’ नावाचं देऊळ. १८६४ चं, शहरातलं सगळ्यात जुनं चिनी देऊळ. कापितान, म्हणजे चिनी लोकांचे पुढारी, याप आह लोय यांनी बांधवलं. आग आणि पुरानंतर हे शहर पुन्हा उभं करणारा हाच माणूस. देऊळ रस्त्याला समांतर नाही, तिरकं आहे, फंगशुईच्या हिशेबाने.

मग पेतालिंग स्ट्रीट, सेंट्रल मार्केट, आणि नदीकाठाने जामेक मशीद. १९०९ ची, लाल-पांढऱ्या विटांच्या पट्ट्यांची, अगदी संगमावर, नारळी-पोफळींच्या सावलीत. आर्थर हबॅकने ती आखताना भारतातली मुघल वास्तुकला डोळ्यांसमोर ठेवली. जुनं रेल्वे स्टेशनही त्याचंच. पाहुण्यांचं स्वागत करतात, अंगावर घ्यायला झगा देतात. नमाजाच्या वेळा सोडून जा. पलीकडे सुलतान अब्दुल समद इमारत आणि मर्देका चौक. ३० ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री इथेच युनियन जॅक उतरवला गेला.

आई थकली तर जामेकपासून ग्रॅब करा आणि जालान पुडू लामावरच्या गणपतीला जा. कोर्टाच्या टेकडीवरचा म्हणून कोर्टुमलै पिल्लैयार. देऊळ आटोपशीर, वरती बँकेची उंच इमारत. बाप्पा मात्र आपलाच.

पायवाटसखी
पाटील, सुंदर लिहिलंत. दोन-तीनदा जाऊनही मी यातलं निम्मं पाहिलेलं नाही.

सोनचाफा७
पाटीलदादा, बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी नकाशावर खुणा करायला घेतल्या आहेत! आता आईचं जेवण सांगा कुणीतरी.

खमंगफोडणी
हा माझा प्रांत. शाकाहारी माणसाची केएलमध्ये उपासमार होत नाही, पण ‘व्हेजिटेबल’ आणि ‘व्हेजिटेरियन’ यांत तिथे जमीनअस्मानाचा फरक आहे. पालेभाजी मागवलीत तर ती बेलाचान घालून येऊ शकते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचं वाटण. नासी लमाकचा भात नारळाच्या दुधातला, पण सांबालमध्ये (तिखट चटणीत) आणि वरून वाळलेली बारीक मासळी असते. त्यामुळे मलायी जेवण आईसाठी शाकाहारी दुकानातच घ्या.

नाश्त्याला ब्रिकफील्ड्समध्ये तोसै, इडली, उपमा. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण: भात, दोन-तीन भाज्या, पापड, सांबार, रसम. वाढपी भात पुन्हा पुन्हा वाढतात. जेवण आवडलं की पान आपल्या बाजूला दुमडायचं. आत जाण्यापूर्वी निव्वळ शाकाहारी आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मटण-मासेही असतात.

ममाक म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेलं, पुष्कळशी रात्रभर उघडी. रोती चनाई तिथेच खावी. मैद्याचा गोळा तेलात भिजवून हवेत फिरवत कागदासारखा पातळ करतात, घडी घालून तव्यावर टाकतात, आणि उतरल्यावर दोन्ही तळव्यांनी टाळी वाजवल्यासारखी मुरडतात, म्हणजे पदर सुटतात. सोबत डाळ. पण त्याच तव्यावर अंड्याची रोती होते आणि सोबतच्या वाटीत माशाची करी येऊ शकते. आईला अंडं चालत नसेल तर ती तुम्ही आणि बाबांनी खा. आईसाठी तेह तारिक, या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतलेला, फेसाळ, कंडेन्स्ड मिल्कचा चहा. ‘कुरांग मानिस’ म्हणा, गोड कमी करून देतात.

आणि चिनी शाकाहार! हे फार लोकांना माहीत नसतं. बौद्ध चिनी लोकांची शाकाहारी हॉटेलं शहरभर आहेत, बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना याहून सोयीचं काय? चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक चिनी कुटुंबं मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी इथे रांगा लागतात, ताजे पदार्थ जास्त मिळतात. एकच सांगते, सोयाबीन आणि मैद्यापासून हुबेहूब मासा किंवा कोंबडीचा तुकडा वाटेल असे पदार्थ करतात. आईला आधी कल्पना द्या, नाहीतर ती ताट सरकवून उठेल. त्याऐवजी टोफू, मशरूम, हिरव्या शेंगा आणि भात घ्या.

निळासावंत
धागा छान चाललाय. पण एक प्रश्न मनात आहे. इतके सगळे धर्म शेजारी शेजारी हे फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात खरंच इतकं सलोख्याचं आहे का?

उंबरठा
रास्त प्रश्न. १३ मे १९६९ ला याच शहरात मलायी आणि चिनी लोकांमध्ये भीषण दंगल झाली, आणीबाणी लागली, संसद स्थगित झाली. त्यानंतर १९७१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं, मलायी आणि इतर भूमिपुत्रांना शिक्षण-व्यवसायात प्राधान्य देणारं. त्यावर आजही तिथे वाद होतात. तमिळ मळेकामगारांची नातवंडं शहरात आली, त्यांतल्या कितीतरी जणांची परिस्थिती अजून ओढगस्तीची आहे. देशाच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे साधारण ७ टक्केच.

पण मी तिथे राहिले आहे, आणि जे रोज पाहिलं तेही तितकंच खरं. माझ्या मजल्यावर एक मलायी कुटुंब, एक चिनी आजी-आजोबा आणि एक तमिळ शिक्षिका होत्या. ईदला, चिनी नववर्षाला, दिवाळीला ज्याचा सण त्याचं दार उघडं. याला तिथे ओपन हाउस म्हणतात. मलायी शेजारी यायचे म्हणून चिनी आजी त्या दिवशी हलाल दुकानातूनच खाणं मागवायच्या, आणि शाकाहाराची एक बशी वेगळी झाकून ठेवायच्या, आम्हा दोघींसाठी. कुणी कुणाला काही समजावून सांगत नव्हतं. या सवयी वर्षानुवर्षं सांभाळाव्या लागतात, आणि तिथली सामान्य माणसं त्या मनापासून सांभाळतात. हे तुमच्या बाबांना दोन-चार दिवसांतही हॉटेलात, लोकलमध्ये, बाजारात दिसेल.

निळासावंत
धन्यवाद, उंबरठा. असं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

डोंगरकपारी
बाटू केव्ह्जबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. केएल सेंट्रलहून केटीएम कोमुतर लोकल थेट गुहेच्या पायथ्याशी जाते, भाडं अगदी किरकोळ. गाड्या मुंबईसारख्या दर चार मिनिटांनी नाहीत, वेळापत्रक बघून निघा. बायकांसाठी वेगळे डबे असतात.

मुरुगनची (म्हणजे कार्तिकेयाची) सोनेरी मूर्ती ४२.७ मीटर, २००६ मध्ये उभारली. मागे २७२ पायऱ्या, २०१८ पासून इंद्रधनुषी रंगांच्या. आईंना त्या झेपणार नाहीत आणि चढायची गरजही नाही. खाली मूर्तीच्या पायाशी देवळं आहेत, रामायण गुहा आहे, तिथे त्याही छान रमतील. बाबा वर जाऊ देत. सकाळी आठच्या आत, उन्हाआधी. गुडघे झाकणारे कपडे हवेत. माकडांपासून पिशवी सांभाळा, हातात खाऊ धरून चढू नका.

आणि महत्त्वाचं! जानेवारीअखेर म्हणताय, तर तैपूसम कधी आहे ते आधी बघा. तमिळ तै महिन्यात, पुष्य नक्षत्राला, पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणजे जानेवारी किंवा फेब्रुवारीत. आदल्या रात्री त्या महामारिअम्मनच्या देवळातून चांदीचा रथ निघतो आणि रात्रभर चालत बाटूला पोचतो. लाखो लोक. कावडी घेतलेले, अंगात वेल (मुरुगनचा छोटा भाला) टोचून घेतलेले, मुंडन करून हळद-चंदन लावलेले. आपल्या वारीची ज्यांना ओढ आहे त्यांना तो रथ बघताना गहिवरून येतं. रथ बघायला संध्याकाळी देवळापाशी थांबा, पण त्या दिवशी आईंना बाटूला मुळीच नेऊ नका. गर्दीत बसायलाही जागा मिळत नाही.

पायवाटसखी
ट्विन टॉवर अगदीच टाळू नका हं. ४५१.९ मीटर, १९९८ ते २००४ जगातल्या सगळ्यात उंच इमारती होत्या. सीझर पेल्ली यांनी मजल्याचा आराखडा इस्लामी आठकोनी ताऱ्यावरून घेतला. वर जायचं असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा, सोमवारी बंद असतं. नाहीतर संध्याकाळी मागच्या बागेत बाकावर बसा, कारंजी बघा. आईंना तेवढं पुरे. दुपारी तीन-चारनंतर धो धो पाऊस येऊ शकतो, छत्री रोज बरोबर.

सोनचाफा७
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी वहीत मांडणी केली आहे: मुक्काम ब्रिकफील्ड्स. पहिली सकाळ तिथेच, महाविहार, कंदस्वामी आणि जुनं स्टेशन. दुसरी सकाळ पाटीलदादांची वाट, मारिअम्मन ते जामेक, मग गणपती. तिसऱ्या दिवशी पहाटे बाटू, संध्याकाळी टॉवरची बाग. चौथ्या दिवशी मोकळं, आईला वाटेल तिथे. दुसरा दिवस शुक्रवार येतोय.

पाटलाचा वाडा
शुक्रवारी जुम्म्याची नमाज असते. त्या दिवशी बराच वेळ पाहुण्यांना जामेकमध्ये सोडत नाहीत. पहिला आणि दुसरा दिवस अदलाबदल करा, काम झालं. गुरुवारी जुनं शहर, शुक्रवारी ब्रिकफील्ड्स. शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या देवळांत आरतीलाही गर्दी असते, आईंना आवडेल.

उंबरठा
पाटलांचं बरोबर आहे. आणि ताई, टच अँड गो कार्ड तीन घ्या, प्रत्येकाला वेगळं लागतं. केएल सेंट्रलच्या काउंटरवर चौकशी करा, एलआरटी, मोनोरेल, कोमुतर सगळीकडे चालतं. तारखा पक्क्या झाल्या की लिहा, ब्रिकफील्ड्समधल्या शाकाहारी हॉटेलांची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.